दाराची फट

४ फेब्रुवारी

ती. धाकट्या आत्यास,
खारूचा नमस्कार.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक गोष्टीला "बरं झालं हो" म्हणतेस. मागच्या रविवारी मी "मोठी आत्या पडली" म्हणून ओरडले, त्यावरही तू तेच म्हणालीस. म्हणून आता लिहूनच कळवते.

मोठी आत्या घरात पडली. हाड मोडलं नाही, पण आता आधाराशिवाय उभं राहता येत नाही, आणि विसरणं फार वाढलंय. मला ती "सिस्टर" म्हणते. गणवेशामुळे म्हणत असेल, अशी मी माझी समजूत घालते. आमच्याच रुग्णालयात, वृद्धांच्या वॉर्डात तिला ठेवलंय. खिडकीजवळची खाट मिळाली. खाली सायकली लावायची जागा दिसते, ती बघत बसते.

तुला माहीत आहेच, गेल्या वर्षापासून मी नर्स कमी आणि मास्तरीण जास्त झाले आहे. म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करायची हे वॉर्डातल्या मदतनिसांना शिकवते. सध्याच्या वर्गात बाराजणी आहेत. त्यातल्या निम्म्या वीस-वीस वर्षं हेच काम करत आलेल्या. ही बाई आम्हाला उशी लावायला काय शिकवणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. एकीचं नाव सगळ्यांनी गोगलगाय ठेवलंय. पन्नाशीला आलेली आहे, आधी इथल्याच धुलाईघरात होती. एक चादर बदलायला अर्धा तास घेते. 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणतात, पण हिच्या पोटातही पाय नसावेत.

मी एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पिवळा कागद लावते. त्यावर आजार लिहायचा नाही, माणूस लिहायचा. हाक काय मारायची, काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोणती सवय मोडायची नाही. ज्याला स्वतःला सांगता येत नाही, त्याच्या घरच्यांनी सांगायचं. वर्गात माझा नियम एकच: कागद वाचल्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही. जूनमध्ये मोठे डॉक्टर पाहणीला येतील. त्यांना पटलं तर सगळ्या वॉर्डांत हे कागद लागतील.

आणि माझ्याच आत्याचा कागद कोरा आहे. टायपिंग मी तिच्याकडे शिकले, सुट्ट्या तिच्याकडे काढल्या, पण तिला काय आवडतं हे तिने कधी कळूच दिलं नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तिच्या लहानपणाची साक्षीदार तू एकटीच. काकांना सोडून तुला येता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण एवढं लिहून पाठव.

तुझी,
खारू


११ फेब्रुवारी

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आत्या म्हणून, दुसऱ्यांदा बहीण म्हणून, आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

तुझे काका आहेत तसेच आहेत. उजवी बाजू हलत नाही. बाजारात जाऊन यायचं तरी शेजारणीला बसवून जावं लागतं, तिथे दोन दिवसांचा प्रवास कुठला? ताईला माझ्याऐवजी हा कागदच भेटू दे.

हाक 'ताई' मारा. 'आजी' नको. ती कुणाची आजी नाही, आणि तसं ती ऐकवेलही.

आवडतं म्हणशील तर टोस्टची कडा, तीसुद्धा जळकी. बोर्डिंगमध्ये सकाळी एकच टोस्ट मिळायचा. ताई स्वतःचा मधला मऊ भाग मला द्यायची आणि दोघींच्या कडा कुरुम् कुरुम् खायची. म्हणायची, "मऊ काय, कुणीही खातं."

तिची बोटं खाटेच्या कडेवर चालत असतील तर तो आजार समजू नका. ती टाईप करते आहे. तीस वर्षं मुलींना टायपिंग शिकवलं तिने. हात धरून ठेवू नका.

आता भीतीचं. हे नीट मोठ्या अक्षरात लिही. ताईला बंद दाराची भीती वाटते.

आई गेल्यावर आम्हां दोघींना कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये घातलं. तुझा बाप तेव्हा पाळण्यात होता, तो आजोळी राहिला. मी सहा वर्षांची, ताई दहाची. शनिवारी अंघोळीचा दिवस असे. एका लांब खोलीत लाकडी फळ्यांचे बारा कप्पे, प्रत्येकाला दार, दाराला कडी. बाहेर एक नन शिट्टी घेऊन उभी असायची. काडीसारखी बारीक, ताठ, आणि बोलली की टोचायची, म्हणून आम्ही तिला टाचणी म्हणत असू. कडी लावलीच पाहिजे असा तिचा दंडक. पहिल्या की दुसऱ्या शनिवारी ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सिस्टर, मला बंद दाराची भीती वाटते. समोरच्या कप्प्यात माझी बहीण दिसत राहिली तर मी अंघोळ करीन." टाचणीने पुष्कळ तोंडसुख घेतलं, पण परवानगी दिली. आमच्या दोघींच्या दारांना वीतभर फट ठेवायची.

मुली काय सोडतात! ताईचं नाव त्या दिवसापासून 'फट' पडलं. "ए फट, इकडे ये." शाळा सुटेपर्यंत तेच नाव. ताई नुसती हसायची. आणि मी? मी सहा वर्षांची ताईची राखणदार. दर शनिवारी फटीतून तिला हात दाखवायचा, हे माझं काम. मला त्याचा कोण अभिमान होता!

गंमत सांगते, तिची ती सवय मला लागली ती अजून आहे. मी घरात न्हाणीघराचं दार पूर्ण लावत नाही. लग्नानंतर तुझे काका चिडवायचे, "कुणाची वाट बघतेस?"

तेव्हा अंघोळीला दार उघडं ठेवा, पडदा ओढू नका. एवढं केलंत तर ताई तुम्हाला त्रास देणार नाही.

तुझी,
धाकटी आत्या


२ मार्च

ती. धाकट्या आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. दोघीतिघींचे डोळे भरले. घरच्यांनी कागद कसा भरावा याचा नमुना म्हणून ते मी सगळ्यांना दाखवते.

'ताई' म्हटल्यावर तिने पहिल्यांदा मान वर करून बघितलं. बोटांचंही तसंच. आधी दोघीजणी तिचे हात दाबून धरायच्या. आता गोगलगायीने कुठून तरी लाकडी ट्रे आणून तिच्या मांडीवर ठेवलाय. त्यावर ती तासन् तास टाईप करते. ओळ संपली की डाव्या हाताने टाईपरायटरचा दांडा उजवीकडे ढकलल्यासारखं करते, तेव्हा सगळा वॉर्ड हसतो. वाईट नाही गं, प्रेमाने.

टोस्टच्या कडा मात्र ती बाजूला काढून ठेवते. दात राहिले नाहीत म्हणून असेल.

अंघोळीचं अजून जमलेलं नाही. आमचं न्हाणीघर वॉर्डाच्या टोकाला आहे. तू लिहिलंस त्याप्रमाणे दार उघडं ठेवतो, पडदाही ओढत नाही. तरी ती ओरडते. गाऊन सोडू देत नाही. एकीचा चष्मा फुटला, एकीला चावली. भीती खोल असते, एका आठवड्यात जात नाही, असं मी वर्गात सांगितलं.

मंगळवारी एक प्रकार झाला. गोगलगायीने तिला नेलं, आणि बराच वेळ आवाजच नाही. मी धावत गेले तर दार बंद! ढकलून उघडलं. मोठी आत्या स्टुलावर शांत बसली होती, खांद्यावर टॉवेल, आणि गोगलगाय तिची पाठ पुसत होती. मला बघून, उघडं दार बघून, आत्या किंचाळली. मी गोगलगायीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "कागद वाचला नाहीस?" तिने मान खाली घातली. तिला आठवडाभर कपड्यांच्या खोलीत पाठवलंय.

पण आत्या, विचारू का? दाराचं तुला नक्की आठवतंय ना?

तुझी,
खारू


९ मार्च

चि. खारू,

तुझा शेवटचा प्रश्न मला आवडला नाही. मी बहात्तर वर्षांची आहे, विसराळूही झाले आहे. दूध उतू जातं माझ्याकडून. पण आठ वर्षं मी ताईच्या शेजारच्या पलंगावर झोपले आहे. सुट्टीपुरतं तिच्याकडे राहून टायपिंग शिकलेल्या मुलीने मला माझी बहीण शिकवू नये.

ती ओरडते, कारण तुमची फट पुरेशी नसेल. दार सताड उघडा. तिला माणसं दिसू देत, चालतीबोलती माणसं. आणि त्या बाईला पुन्हा ताईजवळ पाठवू नकोस. धुलाईघरातून उचलून आणलेल्या बाईला माणसाच्या मनातलं काय कळणार? कपडे आणि माणसं एकाच हाताने पिळायची नसतात.

रागावले आहे असं समजू नकोस. रागावले आहेच, पण तुझ्यावर नाही. इथे बसून नुसतं शाईने हात काळे करते आहे, याचा राग आहे.

तिच्या कानात सांग, धाकटीने आठवण काढली आहे.

आत्या


६ एप्रिल

ती. धाकट्या आत्यास,

महिनाभर पत्र नाही, म्हणून तू दोन निरोप पाठवलेस. दोन्ही मिळाले. काय लिहावं ते सुचत नव्हतं असं नाही. लिहायची हिंमत नव्हती.

तू म्हणालीस तसं दार सताड उघडलं. त्यानंतर तिला अंघोळ घालायला चौघीजणी लागायला लागल्या. मग तिच्या उपचारांच्या कागदांवर कुणीतरी 'मारते' असं लिहिलं. एकदा तसं लिहिलं गेलं की वॉर्डात माणसाकडे बघायची नजरच बदलते. मग झोपेचं औषध. मग हात बांधले. मऊ पट्टीने, खाटेच्या दांड्याला. त्यासाठी वॉर्डाच्या प्रमुख नर्सची सही लागते, आणि ती प्रमुख मीच. ती सही माझी आहे, आत्या. मी जी म्हाताऱ्यांचे हात धरून ठेवू नका म्हणून वर्गात सांगते, ती मी. बांधलेले असतानाही तिची बोटं चालायची.

पडून पडून पाठीला जखम झाली. ती चिघळली. आता ताप आहे. डॉक्टर माझ्याशी नर्ससारखं बोलायचं सोडून नातेवाइकासारखं बोलायला लागले आहेत, त्यावरून मी काय ते समजले.

गेल्या आठवड्यात मी हात सोडवले आणि गोगलगायीला परत बोलावलं. दुसरी कुणी तिच्याजवळ जायला तयार नव्हती, हेच कारण. माझा चांगुलपणा नाही. तिने ओल्या फडक्याने अंग पुसायला घेतलं. आधी खाटेभोवतीचा पडदा ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्याने हूं की चूं केलं नाही.

मी तिला बाहेर बोलावलं. म्हटलं, "कागदावर काय लिहिलंय?"

"दिसत नाही हो बाई."

"म्हणजे?"

"अक्षरं दिसत नाहीत. दोन वर्षं झाली. सांगितलं तर परत धुलाईघरात घालाल."

"मग तू काम कसं करतेस?"

"विचारून."

"कोणाला?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच गोगलगाय. "त्यांनाच की. दार लावू का, पाणी गरम आहे का, सगळं विचारते. म्हणून तर मला वेळ लागतो."

"तिला कळतं का काही?"

"एखाद्या दिवशी नाही कळत. मग त्या दिवशी अंघोळ नाही. त्या मंगळवारी कळलं होतं. मी विचारलं, ताई, दार लावू? तर म्हणाल्या, 'धाकटी इथे नाही ना? मग लाव. ती असली की घाबरते.'"

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही ओरडलात."

आत्या, आमच्या वॉर्डात धाकटी नावाचं कुणी नाही. मला माहीत असलेली धाकटी एकच आहे.

खारू


१२ एप्रिल

खारू,

तुझं पत्र घेऊन मी न्हाणीघरात गेले. दार लावलं. कडी घातली. मी मनात दहा मोजायचे ठरवले होते. चारपर्यंत गेले. बाहेर आले ती धावत काकांच्या खाटेपाशीच, तर ते एका बाजूच्या तोंडाने विचारायला लागले, काय झालं, काय झालं.

आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मी रडून गोंधळ घालत होते, म्हणून कुणीतरी मला अडगळीच्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली. मग विसरले. आईला नेलं, माणसं गेली, आली, आणि मी आतच. कडी ताईने काढली. मला उचललं, तेव्हा तिचे हात माझ्याच वजनाने खाली जात होते. एवढं मला आठवतं. हे कधी विसरले नव्हते मी. पण शनिवारच्या कप्प्याशी ते कधी जोडलंच नाही. जोडायची गरज ताईने ठेवली नाही.

आता सगळं उलटं दिसायला लागलं आहे, पाटीवरचं पुसून पुन्हा लिहिल्यासारखं. तू लहान असताना ताई माझ्याकडे महिनाभर राहायला आली होती. न्हाणीघराला आतून कडी घालून बसली. मी बाहेरून दार ठोठावत राहिले, "ताई, घाबरशील!" रोज. चौथ्या दिवशी ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "बाई गं, एकदा तरी सुखाने अंघोळ करू देशील?" मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. मी कितीतरी वर्षं म्हणत होते, ताई फटकळ झाली.

दहा वर्षांची पोर, खारू. अंगाने मोठी व्हायला लागलेली. तिला काय वाटलं असेल वीतभर फटीतून येणाऱ्याजाणाऱ्या मुलींच्या नजरांचं? तिने आठ वर्षं ते सोसलं. आणि शेवटी तिने माझी भीती स्वतःच्या नावाने पांघरली होती, तिचा मी कागद केला, आणि तुम्ही चौघींनी मिळून तिला उघडं केलंत. तुम्ही नाही. मी.

टोस्टच्या कडाही काढून टाका. तिला त्या आवडत नसणार.

पडदा ओढा, दार लावा. जो कोणी बघायला उभा असेल त्याला बाहेर काढ. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्याविषयी मी लिहिलं ते त्यांना कळू देऊ नकोस. आणि ताईच्या कानात एवढं सांग: धाकटी मोठी झाली. ती आता घाबरत नाही.

आत्या


२१ एप्रिल

ती. धाकट्या आत्यास,

फोनवर शेजारणीला मी सगळं सांगितलंच आहे. तिने तुला लिहून दाखवलं असेल. तरी बाकीचं मी सांगायला हवं.

तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. मोठी आत्या अठराला सकाळी गेली. म्हणजे दोन दिवस मिळाले. दोन्ही दिवस गोगलगायीने तिचं अंग पुसलं. पडद्याच्या दोन टोकांमध्ये थोडी जागा राहायची, तिथे तिने गणवेशाच्या दोन पिना लावल्या. मी पडद्याच्या बाहेर उभी राहिले. आतून गोगलगायीचं बोलणं ऐकू यायचं, "ताई, आता हात उचलू? ताई, आता पाठ." उत्तर नसायचं. तरी ती थांबायची, उत्तराला लागेल तेवढा वेळ, आणि मग पुढचं.

सतरा तारखेला दुपारी मी तुझा निरोप कानात सांगितला. "धाकटी मोठी झाली, ती आता घाबरत नाही." डोळे मिटलेले होते. मला वाटलं, पोचलं नाही. मी उठले तेव्हा तिने अगदी स्पष्ट म्हटलं, "खोटं बोलते."

रागाने नाही, आत्या. आपल्या माणसाची लबाडी ओळखली की आपण म्हणतो तसं. तेच शेवटचं बोलणं.

आज वर्ग घेतला. तिचा पिवळा कागद आणि माझ्या सहीचा तो दुसरा कागद, दोन्ही टेबलावर ठेवले आणि घडलं ते सांगितलं. एकीने विचारलं, "मग आता कागद वाचायचा की नाही?" मी गोगलगायीकडे बघितलं. ती म्हणाली, "वाचा. आणि मग विचारा." तिला चष्म्याचा नंबर काढायला गुरुवारी नेणार आहे. मोठे डॉक्टर जूनमध्ये येतील तेव्हा त्यांनाही हेच सगळं सांगेन. मग ते काय करतील ते करोत.

तुझी,
खारू


३० एप्रिल

चि. खारू,

ताईचा ट्रे माझ्यासाठी ठेव. पार्सलने पाठवू नकोस, कधी तरी येशील तेव्हा आण.

तुझ्यासारखाच एक पिवळा कागद मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला, पिवळाच कशाला, पांढरा स्वस्त पडेल. मी पिवळाच घेतला. काकांना माझ्यानंतर काही सांगता येणार नाही, आणि माझ्या लहानपणाची साक्षीदार तर गेली. तेव्हा आज हातात बळ आहे तोवर माझा कागद मीच भरून या पत्रासोबत पाठवते आहे. जपून ठेव. कधी ना कधी तुझ्याच वॉर्डात येईन.

हाक: धाकटी.

आवडतं: टोस्टचा मधला मऊ भाग. दोन टोस्टचा.

मोडू नये अशी सवय: शनिवारी अंघोळ करताना एकदा हात वर करून दाखवते. समोर कुणी नसलं तरी दाखवू द्यावा.

भीती: बंद दाराची. सहाव्या वर्षापासून. वीतभर फट ठेवावी. ही भीती माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. तरीही त्या दिवशी, दाराला हात लावण्याआधी, मला एकदा विचारावं.

तुझी,
धाकटी आत्या